गोळीआधी पंधरा दिवसांची वही

संपादक महोदय,

निद्रानाशावर आरोग्यपुरवण्यांत वर्षानुवर्षे तेच तीन सल्ले छापून येतात. रात्री कोमट दूध प्या, मोबाइल लांब ठेवा आणि लवकर अंथरुणाला पाठ टेका. पहिल्या दोहोंनी कोणाचे काही बिघडत नाही. तिसरा मात्र जुन्या निद्रानाशाच्या रुग्णाचा आजार वाढवतो, आणि घरोघरी नेमका तोच निष्ठेने पाळला जातो. नऊ वाजता दिवे मालवायचे, बारापर्यंत कूस बदलत राहायचे, तीनला टक्क जाग आली की ‘निदान पाठ तरी टेकलेली बरी’ म्हणत सहापर्यंत पडून राहायचे. काही दिवस असे गेले की कोणीतरी औषधाच्या दुकानातून अर्धी गोळी आणून देते. अर्धीची पूर्ण व्हायला फार वेळ लागत नाही.

या आजाराचा पहिला उपचार याच्या बरोबर उलट आहे : अंथरुणातला वेळ कमी करणे. ज्या वर्तनोपचाराचा हा कणा आहे, तोच प्रौढ रुग्णांना सर्वांत आधी द्यावा असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले. युरोपातील निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तेच सांगितले. आपल्याकडे तो बहुतेक रुग्णांच्या कानावरही पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी निदान. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर मोडते. असे आठवड्यातून किमान ३ रात्री, किमान ३ महिने होते. आणि त्यामुळे दिवसाचे काम, लक्ष किंवा स्वभाव बिघडतो. हे सगळे जुळले तरच जुना निद्रानाश म्हणायचा. घरात कोणी गेल्यावर किंवा मुलीच्या लग्नाच्या धावपळीत पंधरा दिवस झोप उडणे हा अल्पकाळचा त्रास असतो आणि तो बहुधा आपोआप ओसरतो, मात्र त्या पंधरा दिवसांत लवकर पडण्याची सवय लागली नाही तर.

यातला ‘वेळ आणि जागा असूनही’ हा भाग फार जण गाळतात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली म्हणून दोन वाजता उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी, चाकण-वाळूजला दर आठवड्याला पाळी बदलणारा कामगार, पहाटेच्या लोकलसाठी चारला उठून डबे करणारी बाई यांना निद्रानाश नाही. यांना झोपूच दिले जात नाही. संधी मिळाली तर ही माणसे पाच मिनिटांत घोरू लागतात. त्यांना ना गोळी हवी ना पुढे सांगितलेला उपचार. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पाळीच्या आणि विजेच्या वेळापत्रकात आहे. अभ्यासिकेतून दीडला खोलीवर येणारा, तीनला झोपणारा आणि सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत गाढ झोपणारा विद्यार्थीही वेगळा. त्याचे शरीराचे घड्याळ पुढे सरकले आहे. ते मागे आणायला रोज ठरलेल्या वेळी उठणे आणि उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरचा उजेड घेणे लागते. आणि जो जन्मभर सहा तास झोपून दिवसभर ताजातवाना असतो, त्याला आठ तासांचा आकडा दाखवून घाबरवू नये.

यानंतर वीस-तीस मिनिटांची नीट विचारपूस. शेजारी झोपणाऱ्याला आधी विचारावे : घोरताना श्वास मध्येच थांबतो का, मग धक्क्याने परत सुरू होतो का? सकाळी डोके जड, दिवसा बसल्या जागी डुलकी, वाढलेला रक्तदाब, जाड मान हे सोबत असेल तर तो श्वासरोधाचा रुग्ण असू शकतो. झोपेची गोळी त्याच्या घशाचे स्नायू आणखी सैल करते. बायका घोरण्याची तक्रार क्वचित सांगतात, ‘रात्रभर जाग येते’ एवढेच म्हणतात आणि तिथेच चूक होते. दुसरा प्रश्न पायांचा. संध्याकाळनंतर पोटऱ्यांत वळवळ होते, पाय हलवला की बरे वाटते, थांबला की पुन्हा सुरू, कोणीतरी पाय दाबून द्यावेत असे वाटते : हा अस्वस्थ पायांचा विकार. यात रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायलाच हवे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन बराच फरक पडतो. गंमत अशी की, याच रुग्णाला झोप यावी म्हणून सर्दीची किंवा ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी दिली जाते आणि ती पायांची वळवळ वाढवते. उलटीसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडही तसेच.

मग औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगावी. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रात्री घेतले जात असेल तर सकाळी हलवावे. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी असेल तर तीही सकाळी. दम्याची थिओफायलिन, नैराश्याची फ्लुओक्सेटिन, नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, जास्त झालेली थायरॉइडची मात्रा, काहींना प्रोप्रॅनोलॉल. यांतले प्रत्येक औषध झोप मोडू शकते. वेळ किंवा मात्रा बदलायची ती डॉक्टरांनीच. चहाचे बहुतेक जण विचारतात. कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून सहाचा चहा अकराला अंगात असतोच. मिसरीचे मात्र कोणी विचारत नाही. खेडोपाडी, आणि शहरातल्या वस्त्यांतही, कित्येक बायका रात्री झोपताना मिसरी लावतात, पुरुष तंबाखूची गोळी गालात धरून पडतात. निकोटिन उत्तेजक आहे, आणि रात्रभरात ते उतरू लागले की पहाटे तलफेने जाग येते. दारूचे गणित निराळे : डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, आणि तुटलेली झोप जोडायला दुसऱ्या दिवशी पुन्हा पेग लागतो.

पहाटे तीन-चारला जाग, मन खिन्न, भूक गेलेली, कशातच रस नाही, असे असेल तर नैराश्याची चौकशी करावी आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. पूर्वी आधी नैराश्य बरे करा, झोप आपोआप सुधारेल, असे शिकवले जाई. आता दोन्हींवर एकाच वेळी उपचार करतात. याच्या उलट, तीन तास झोपूनही थकवा नाही, उत्साह उतू जातो, पैसे वाटेल तसे उडवले जातात, तर तो निद्रानाश नसून उन्मादाची सुरुवात असू शकते. प्रोस्टेट, साखर, गुडघेदुखी, रजोनिवृत्तीच्या काळातली अंगाची लाही हे सगळे जागवणारे त्रास याच विचारपुशीत कळतात.

रात्रभर तारा लावून झोपेचा आलेख काढण्याची तपासणी निद्रानाशाच्या निदानाला लागत नाही. श्वासरोधाचा संशय असेल, झोपेत लाथा-बुक्क्या मारल्या जात असतील किंवा नीट उपचार करूनही गुण येत नसेल तरच ती करावी. मनगटी घड्याळाने दाखवलेली ‘गाढ झोप ३८ मिनिटे’ तर मनावर घेऊच नये. ही यंत्रे झोप आणि जाग ओळखण्यात बऱ्यापैकी असली तरी झोपेचे थर ओळखण्यात कच्ची आहेत, आणि आकडा बघून झोप उडालेले लोक आता दवाखान्यात येऊ लागले आहेत.

खरी तपासणी म्हणजे एक वही आणि पंधरा दिवस. रोज सकाळी उठल्यावर लिहायचे : अंथरुणात कधी गेलो, दिवा कधी मालवला, अंदाजे किती वेळाने डोळा लागला, मध्ये कितीदा जाग आली आणि सगळी मिळून किती मिनिटे जागे होतो, शेवटची जाग कधी, प्रत्यक्ष उठलो कधी, दुपारी किती झोपलो, चहा-तंबाखू-दारू-गोळी काय व केव्हा. हे अंदाजानेच लिहायचे. रात्री घड्याळ बघून नोंदी करणाऱ्याची झोप त्या नोंदींनीच मोडते; घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे. ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ म्हणणाऱ्याच्या वहीत बरेचदा चार-साडेचार तास निघतात. तो खोटे बोलत नसतो. हलकी झोप त्याला जागेपणासारखीच जाणवते.

आता हिशेब. समजा, निवृत्त माणूस साडेनऊला पडतो, साडेसहाला उठतो, म्हणजे अंथरुणात ९ तास. वहीप्रमाणे सरासरी झोप साडेपाच तास. साडेपाच भागिले नऊ, म्हणजे झोपेची कार्यक्षमता ६१ टक्के. चांगल्या झोपेत ती ८५ च्या वर असते. उरलेले साडेतीन तास तो अंथरुणात चिंता करण्याचा सराव करतो आहे. उपचार असा : उठण्याची वेळ आधी कायम करायची, समजा साडेपाच. तिथून सरासरी झोपेइतके तास मागे मोजायचे. म्हणजे रात्री १२ च्या आधी अंथरुणाला शिवायचे नाही. सरासरी चार तास निघाली तरी ही मर्यादा ५ तासांच्या खाली नेत नाहीत. रविवार असो, लग्न असो, रात्र कशीही गेलेली असो, साडेपाचला उठायचेच. आठवड्याने पुन्हा वही बघायची. कार्यक्षमता ८५ च्या वर गेली असेल तर निजण्याची वेळ १५ मिनिटे अलीकडे, म्हणजे पावणेबारा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटे पलीकडे. मध्ये असेल तर आहे तीच. दिवसभर ताजेतवाने वाटू लागेपर्यंत दर आठवड्याला असे सरकत जायचे. सहा-आठ आठवडे लागतात. अमेरिकेत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे, आणि तिला वही-पेन सोडून काही खर्च नाही.

ती चालते कारण जागेपणी झोपेची भूक साठत जाते. दुपारी तासभर आडवे होणे म्हणजे पंगतीला बसण्याआधी पोटभर फराळ करणे. साडेनऊला भूक नसताना पडलेला माणूस ताटकळतो, बाराला कडकडून भूक लागलेला माणूस पडल्याबरोबर झोपतो.

बहुतेकांची गाडी अडते ती पहिल्या दहा दिवसांत. झोप आधी आणखी कमी होते, दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, ‘हे काय भलतेच, आधीच झोप नाही त्यात जागरण!’ इथे रुग्ण उपचार सोडतो आणि ‘सगळे करून पाहिले’ या यादीत आणखी एक भर पडते. हे होणार हे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर सांगून ठेवले तर निम्मे काम झाले. दुसरी गळती संध्याकाळी दूरदर्शनसमोर. मालिका बघता बघता साडेआठला खुर्चीत लागलेली वीस मिनिटांची डुलकी रुग्ण वहीत लिहीतच नाही, कारण त्याच्या मते ती झोप नसते.

ज्यांनी हे एकट्याने करू नये ते असे : एसटी, ट्रक, रिक्षा चालवणारे आणि प्रेस-कटिंग मशीनवर काम करणारे, फेफरे येणारे, ज्यांना पूर्वी उन्माद झाला आहे असे, झोपेत चालणारे, श्वासरोधावर उपचार न झालेले आणि गरोदर स्त्रिया. झोप कमी केल्याने फेफरे आणि उन्माद दोन्ही उसळू शकतात. पडण्याची भीती असलेल्या वृद्धांसाठी सौम्य रीत आहे : अंथरुणातला वेळ एकदम न कापता दर आठवड्याला अर्धा तास कमी करायचा.

याला जोड हवी ती १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी घालून दिलेल्या नियमांची. झोप डोळ्यांवर आली तरच पडायचे. थकवा म्हणजे झोप नव्हे, जांभई आणि पापण्या जड होणे ही खूण. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठायचे, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणे करायचे आणि झोप आली की परत यायचे. रात्रीतून पाचदा उठावे लागले तरी पाचदा. अंथरुणात बसून जेवण, मोबाइल, हिशेब, भांडण काही नाही. ‘एका खोलीत सहा जण राहतो, उठून जाऊ कुठे’ हा प्रश्न रास्त आहे. दारापाशी किंवा ओट्याजवळ एक पाट नाहीतर स्टूल आधीच मांडून ठेवावे. जमिनीवर गादी घालणाऱ्यांची उलट सोय आहे : गादी ठरल्या वेळीच घालायची, उठल्याबरोबर गुंडाळायची. चोवीस तास पलंग पसरलेल्या घरात हा नियम पाळणे जास्त अवघड जाते.

पडल्यावर कर्जाचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे आठवतात त्यांनी संध्याकाळी सातला पंधरा मिनिटे बसून काळज्या कागदावर उतरवाव्यात, प्रत्येकीपुढे उद्याचे एक छोटे काम लिहावे. तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळणे सुखद आहे, खुशाल करावे, फक्त ते साडेनऊला अंथरुणात पडून नको. अश्वगंधाचे लहान अभ्यास थोडा फायदा दाखवतात, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. वनस्पती आहे म्हणून अपाय नाही असे समजू नये.

आता गोळ्या. त्या कधीच देऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. तीव्र दुःखात, ठरावीक दिवसांसाठी, चार आठवड्यांच्या आत थांबवण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली तर त्या उपयोगी आहेत. घोटाळा होतो तो तारीख नसल्याने. अल्प्राझोलॅमचा रक्तातला अंश निम्मा व्हायला साधारण ११ तास लागतात, म्हातारपणी त्याहून जास्त. क्लोनाझेपामला ३० ते ४० तास, म्हणजे रोज घेतली तर कालची उतरायच्या आत आजची चढते. पहाटे लघवीला उठलेले आजोबा न्हाणीघरात पडतात, खुबा मोडतो, आणि नोंद ‘पाय घसरला’ अशी होते. झोल्पिडेम दोन-तीन तासांत निम्मी उतरते. तरी सकाळी रक्तात जास्त अंश राहतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी तिची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅम केली आणि २०१९ मध्ये झोपेत चालणे, गाडी चालवणे यांबद्दल तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. यांपैकी कोणतीही गोळी दारूसोबत किंवा ट्रामाडोल, कोडीनसारख्या औषधांसोबत श्वास मंदावू शकते.

रोजची गोळी एकदम बंद केली की दोन-तीन रात्री झोप पूर्वीपेक्षा वाईट होते. रुग्ण म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही.’ तो आजार नसतो, गोळीचा उलटा झटका असतो. वर्षानुवर्षे घेणाऱ्याला तर एकदम थांबवल्याने फेफरेही येऊ शकते, म्हणून हे पत्र वाचून कोणी आज रात्री गोळी फेकून देऊ नये. दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी उतरवायची आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त नाही, हा आजचा दंडक आहे. अल्प्राझोलॅमच्या चिमुकल्या गोळीचे दहा तुकडे करता येत नाहीत. म्हणून काही डॉक्टर तिच्या जागी हिशेबाने डायझेपाम देतात. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलॅम म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम डायझेपाम, आणि १० मधून एकेक कमी करणे सोपे. यकृताच्या आणि वृद्ध रुग्णांत डायझेपाम साठत असल्याने हे घरी करायचे काम नाही. शेवटचा पाव तुकडा सर्वांत चिवट असतो. वहीचा उपचार सोबत चालू असेल तर गोळी सुटण्याची शक्यता वाढते.

अल्प्राझोलॅम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव, औषध, संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे ठेवायची असते. ती वही अन्न व औषध प्रशासनाने उघडून बघावी. आणि तीन वर्षांपूर्वीची मळकी चिठ्ठी पुढे सरकवणारा रुग्ण जेवढा जबाबदार, तेवढाच तिच्यावर ‘रिपीट’ लिहून देणारा आमचा व्यवसायबंधूही.

गोळीला पर्याय म्हणून खोकल्याचे गुंगी आणणारे औषध पिणेही थांबायला हवे. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी त्याने तुंबते आणि वृद्धांना भ्रम होतो. मेलाटोनिन हे घड्याळ सरकवण्याचे औषध आहे, जुन्या निद्रानाशात त्याचा उपयोग तोकडाच.

हे सगळे करायला तज्ज्ञ कुठून आणायचे, असे विचारले जाईल. इंग्लंडमध्ये साध्या दवाखान्यांतील परिचारिकांना शिकवून ६४२ जणांची चाचणी घेतली गेली. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा हा उपचार त्या परिचारिकांनी चार भेटींत दिला आणि सहा महिन्यांनंतरही फायदा टिकला, असे २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. आपल्या उपकेंद्रांत रक्तदाब आणि साखर मोजणारे समुदाय आरोग्य अधिकारी हा हिशेब सहज करू शकतील. भागाकार यावा लागतो आणि दर आठवड्याला दहा मिनिटे द्यावी लागतात. तोवर मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

आपल्याकडून एकच अपेक्षा. पुढच्या वेळी पुरवणीत झोपेवर पान काढाल तेव्हा टिपांच्या जागी वर सांगितलेल्या वहीचा कोरा तक्ता छापा : आडव्या पंधरा ओळी, उभे आठ रकाने, खाली भागाकाराचे सूत्र. वाचकांना तो कापून दवाखान्यात नेता येईल, आणि डॉक्टरांना तो न बघता गोळी लिहून देणे थोडे अवघड जाईल.

आपले,
मनोविकार व कौटुंबिक वैद्यक क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर, सातारा